थायलंडच्या शाळेत मास्तरीण, आणि गळ्यात कॅमेरा

शाळेतला माझा तिसरा दिवस होता. मे २०२३. सकाळचे आठ वाजले, मैदानावर मुलं वर्गावार रांगेत उभी राहिली, झेंडा वर चढू लागला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. रात्री पाऊस होऊन गेला होता. ओल्या मैदानावर तिरपं ऊन आणि पांढऱ्या शर्टांच्या लांबच लांब रांगा. मी कॅमेरा उचलला आणि दोन पावलं पुढे सरकले. तेवढ्यात मनगटावर हात आला. शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर बाईंचा. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नजर झेंड्यावरच होती. राष्ट्रगीत संपेपर्यंत हात तिथेच राहिला. नंतर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त हसल्या आणि वर्गाकडे गेल्या.

दिवसभर मला ते मनगट जाणवत राहिलं. शिरूरच्या शाळेत 'जन गण मन' चालू असताना मी अशी हलले असते का? कधीच नाही. मग इथे का हलले? गळ्यात कॅमेरा असला की माणूस स्वतःला गर्दीतून वजा करतो, हे त्या दिवशी कळलं. पुढची दोन वर्षं मी उबोन रात्चथानी या गावात इंग्रजी शिकवलं आणि फोटो काढले. त्यातले कितीतरी फोटो मला आज दाखवावेसेही वाटत नाहीत. जे दाखवावेसे वाटतात, ते कसे मिळाले ते सांगते.

आधी तिथे पोहोचले कशी, ते सांगायला हवं, कारण बऱ्याच मैत्रिणी तेच विचारतात.

थायलंडमध्ये इंग्रजीच्या शिक्षकांना मागणी खूप आहे. पण बहुतेक जाहिरातींत 'इंग्रजी मातृभाषा असलेले' अशी अट असते आणि चालणाऱ्या पाच-सात देशांची यादीही दिलेली असते. त्या यादीत भारत नसतो. माझं बी.ए. इंग्रजीत, वर बी.एड., चार वर्षं शिकवण्याचा अनुभव. तरी एका शाळेनं आधी फोटो मागवला, फोटो पाहिला आणि मग जागा भरल्याचं कळवलं. ती जाहिरात पुढे महिनाभर तशीच होती. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. माणसाचा चेहरा पाहून त्याचं इंग्रजी ठरवणं चुकीचंच आहे. शेवटी उबोनच्या एका सरकारी शाळेनं व्हिडिओवर मुलाखत घेतली, पाचवीच्या मुलांना 'देअर इज' आणि 'देअर आर' कसं शिकवाल ते करून दाखवायला सांगितलं आणि नेमणूक दिली.

मग कागदपत्रं. पदवीचं साक्षांकन, पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिसांचा दाखला, टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण (माझ्या शाळेला ९९० पैकी निदान ६०० हवे होते), मुंबईच्या थाई वकिलातीतून नॉन-बी, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा. तो नव्वद दिवसांचा मिळाला. तिथे गेल्यावर शाळेनं शिक्षक परिषदेकडून माझ्यासाठी परवान्यातून दोन वर्षांची सूट घेतली, मग वर्क परमिट, मग १,९०० बाट भरून मुक्काम वर्षभरासाठी वाढवून घेतला. शिवाय दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा, आणि मधे घरी यायचं असेल तर जाण्याआधी पुनर्प्रवेशाचा शिक्का घ्यायचा. तो न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की सगळी परवानगी रद्द. दसऱ्याला घरी येताना मी तो शिक्का हजार बाटांना घेतला आणि विमानतळावर चार वेळा उघडून पाहिला.

या कागदांच्या धबडग्यातच एक आनंद सापडला. शिक्षक परिषदेचं थाई नाव 'खुरुसाफा'. दोन-तीनदा ऐकल्यावर डोक्यात उजेड पडला: गुरुसभा! मग मला वेडच लागलं. प्राथमिकला 'प्रथोम', माध्यमिकला 'मत्थयोम'. शिक्षकाला 'ख्रू', म्हणजे गुरू. नमस्कार करताना म्हणतात ते 'सवतदी', म्हणजे स्वस्ति. उबोन रात्चथानी म्हणजे उत्पल-राजधानी, कमळांची राजधानी. मी शाकाहारी आहे, तर त्यासाठी शब्द निघाला 'मांगसविरत'. मांसापासून विरत! (शब्द आपला असला तरी पोटाचा प्रश्न त्यानं पूर्ण सुटत नाही. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, म्हणजे सोम ताममध्ये, तिकडे आंबवलेल्या माशाचं पाणी, म्हणजे 'प्ला रा', हमखास घालतात, शिवाय माशाचा सॉस, 'नाम प्ला'. 'प्ला रा नको, नाम प्ला पण नको' हे मला कोपऱ्यावरच्या गाडीवरच्या मावशींना पहिला महिनाभर रोज सांगावं लागलं. पुढे त्या माझ्यासाठी खलबत्ता धुऊन घ्यायला लागल्या.)

आणि फोटोला शब्द 'रूप'. फोटो काढणं म्हणजे 'थाय रूप'. सवतदीनंतर मी शिकलेलं पहिलं थाई वाक्य हेच: 'थाय रूप दाय माय खा?' फोटो काढू का? शेवटचा 'खा' बायकांनी म्हणायचा, पुरुष 'खराप' म्हणतात.

पण खरं सांगायचं तर पहिले चार महिने मी हे वाक्य फोटो काढून झाल्यावर म्हणायचे.

दिवस साधारण असा जायचा. उबोन थायलंडच्या अगदी पूर्वेला आहे, त्यामुळे उजाडतं लवकर. साडेपाचला मी खाली उतरायचे. सहाच्या सुमारास गल्लीतून भिक्षू अनवाणी भिक्षेला यायचे आणि बायका दाराशी गुडघ्यावर बसून त्यांच्या पात्रात चिकट भाताचा एकेक गोळा घालायच्या. साडेसातला शाळेच्या फाटकावर माझी पाळी. प्रत्येक मूल हात जोडून, मान लववून आत येतं आणि आपणही प्रत्येकाला हात जोडायचे. आठला झेंडा, मग प्रार्थना, मग तास. आठवड्याला अठरा तास, एकेका वर्गात चाळीस-बेचाळीस मुलं. फळ्यावर तारीख लिहायची तर मुलं वर्ष बुद्ध संवतात लिहायची, २५६६. खऱ्या नावांनी कुणी कुणाला हाक मारत नाही. सगळ्यांना घरची छोटी नावं: कुणी आकाश, कुणी पाणी, कुणी गोल्फ, कुणी बँक. माझं नाव त्यांच्या जिभेला जड, म्हणून मी नुसती 'टीचाऽ'.

दुकानात, बाजारात मात्र मी 'खेक'. भारतीय दिसणाऱ्या माणसाला सर्रास हा शब्द वापरतात. काहींना तो टोचतो, आणि तो कुठल्या सुरात म्हटला यावर बरंच अवलंबून असतं. पण त्याचा मूळ अर्थ पाहुणा. मी तो तसाच घ्यायचं ठरवलं. पाहुणी आहे, तर पाहुणीसारखं वागावं. पाहुणी कुणाच्या घरात शिरून विचारल्याशिवाय फडताळं उघडत नाही.

पहिल्या चार महिन्यांचे माझे फोटो म्हणजे अशी उघडलेली फडताळं. भिक्षेच्या रांगेचे तर दोनशेहून जास्त. सुंदर उजेड, केशरी वस्त्रं, वाफाळता भात, सगळं होतं. सप्टेंबरात पावसाची झड लागली होती म्हणून खोलीत बसून ते एका रांगेत पाहिले, तेव्हा लक्षात आलं की एकाही फोटोतला माणूस माझ्याकडे बघत नाहीये. तेच फोटो कुणीही प्रवासी दोन दिवसांत काढून गेला असता. मी तर त्या गल्लीत राहत होते! त्याच झडीत माझ्या ३५ मिलिमीटरच्या लेन्सला बुरशी धरली. आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. ती साफ करून यायला पाच आठवडे लागले. पाच आठवडे मी कॅमेऱ्याशिवाय त्याच गल्लीतून गेले, आणि दुसऱ्याच आठवड्यात भात घालणाऱ्या आजीबाईंनी मला शेजारी बसायला चटई सरकवली.

लेन्स परत आली, तेव्हा मी स्वतःला दोन नियम घातले. विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि काढलेला फोटो कागदावर छापून त्या माणसाच्या हातात द्यायचा. मुलांच्या बाबतीत तिसराही: त्यांचे चेहरे इंटरनेटवर टाकायचे नाहीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा थाई कायदा १ जून २०२२ पासून पूर्ण लागू झाला आहे आणि शाळा पालकांची लेखी परवानगी घेतेच. पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

बाजाराजवळ एक फोटोचं दुकान होतं, ओळखपत्रांचे फोटो काढणारं. चार बाय सहाची प्रत पाच बाटांना. दर शनिवारी मी तिथे जायचे.

पहिली प्रत मी गल्लीतल्या देवळात झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या भिक्षूंसाठी नेली. आदल्या आठवड्यात त्यांना रीतसर विचारून, खराटा हातात धरलेला एक फोटो काढला होता. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी हात पुढे केला नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग त्यांनी खांद्यावरच्या झोळीतून एक पिवळं फडकं काढलं, त्याची घडी उलगडली आणि एक टोक स्वतःच्या बोटांत धरून बाकीचं माझ्यासमोर ओट्यावर पसरलं. तेव्हा आठवलं, भिक्षूंना बाईच्या हातून थेट काही घेता येत नाही. मी पाकीट त्या फडक्यावर ठेवलं. त्यांनी फडकं हळूच स्वतःकडे ओढलं, फोटो काढून डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, 'खराटा जुना झालाय.' एवढंच. पुढच्या आठवड्यात त्यांच्या हातात नवा खराटा होता.

दुसऱ्या वर्षी, २०२४ च्या जूनमध्ये, 'वाय ख्रू'चा दिवस आला. वाय ख्रू म्हणजे गुरुवंदना, आणि ती शक्यतो गुरुवारीच करतात. थाई भाषेतही गुरुवार बृहस्पतीच्याच नावानं ओळखला जातो. पहिल्या वर्षी मी नवखी होते, बावचळून गेले होते. या वेळी आदल्या संध्याकाळी मुलींबरोबर तबकं रचायला बसले. एका मुलीनं मला गवताची जुडी दिली आणि म्हणाली, 'टीचाऽ, या फ्रेक.' हातात घेतली तर दूर्वा! त्याच त्या, गणपतीच्या. मी तिला विचारलं, ही का? गवत कसं भरभर पसरतं, तशी विद्या पसरावी म्हणून. सोबत एक्झोराची फुलं, त्याची कळी सुईसारखी टोकदार असते म्हणून, बुद्धी तशी व्हावी. वांग्याचं फूल, ते खाली मान घालून असतं म्हणून. आणि लाह्या. दूर्वा आणि लाह्या समोर ठेवून मी परदेशात बसले होते आणि डोळे भरून येत होते. मुलींना वाटलं, टीचर दमली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मुलं गुडघ्यांवर सरकत आली, तबकं दिली, पायाशी डोकं टेकवलं. कॅमेरा मी खोलीवर ठेवला होता. माझ्या पुढ्यात मूल वाकलेलं असताना मी फोटो कसली काढणार? त्या दिवसाचा माझ्याकडे फक्त आदल्या संध्याकाळचा एक फोटो आहे: दोन हात, नखांत माती, आणि दोऱ्यानं बांधायला घेतलेली दूर्वांची जुडी.

त्याच वर्षी २१ जुलैला आपली गुरुपौर्णिमा होती आणि तिथे 'खाओ फान्सा', भिक्षूंच्या वर्षावासाचा पहिला दिवस. त्या दिवशी उबोनमध्ये मेणाच्या अवाढव्य कोरीव मेणबत्त्यांची मिरवणूक निघते. फोटोग्राफर देशभरातून येतात. त्याबद्दल मी फार लिहीत नाही, तिचे फोटो कुठेही मिळतील. मी आठवडाभर आधी एका देवळाच्या मांडवात जात होते, तिथे आमच्या शाळेचीच पोरं मेणाच्या पातळ पट्ट्यांवर नक्षीची फुलं कापत बसलेली. मेणाचा वास अजून माझ्या कॅमेऱ्याच्या पट्ट्याला आहे.

एक जागा मात्र सांगायलाच हवी. गावापासून शंभरहून जास्त किलोमीटरवर, मेकाँग नदीच्या पात्रात 'साम फान बोक' आहे. म्हणजे तीन हजार खड्डे. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की खडकाचा सगळा पसारा उघडा पडतो, आणि त्यात भोवऱ्यातल्या गोट्यांनी कोरलेले गोल गुळगुळीत खळगे. शाळेतल्या बाई मला मोठ्या कौतुकानं घेऊन गेल्या. 'असं तू कुठे पाहिलं नसशील.' मी हसले आणि मोबाइलवर त्यांना निघोजचे रांजणखळगे दाखवले. शिरूरहून लहानपणी कितीदा गेलोय तिथे, कुकडीच्या पात्रात, मळगंगेच्या देवळाजवळ. आमचा खडक काळा बसाल्ट, त्यांचा वालुकाश्म. पाण्याचं काम तेच. बाई बराच वेळ तो फोटो मोठा करकरून पाहत राहिल्या. मग पदार्थांचे डबे उघडले गेले, आणि मला आठवतंय, फोटो मी दुपारी तीननंतर काढले, जेवण झाल्यावर, सावकाश.

आता शिकवण्याबद्दल. मुलं बोलत नव्हती. व्याकरणाच्या चाचणीत पैकीच्या पैकी आणि तोंड बंद. चुकलं तर लाज वाटेल ही भीती. आपल्याकडच्या मराठी शाळांत मी हेच पाहिलं होतं, त्यामुळे राग येत नव्हता. मत्थयोम दोनच्या, म्हणजे आठवीच्या वर्गाला मी दर शुक्रवारी एक गृहपाठ दिला: फोनवर एक फोटो काढून आणायचा आणि त्याबद्दल तीन वाक्यं बोलायची. फोटो चांगला असायची अट नाही, फक्त स्वतः काढलेला हवा. ज्याच्याकडे फोन नाही, त्यानं माझा कॅमेरा घ्यायचा.

सुरुवातीला मांजरं, मोटारसायकली आणि नूडल्स आले. मग हळूहळू घरं यायला लागली. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा चार शुक्रवार काहीच बोलला नव्हता. पाचव्या शुक्रवारी त्यानं फोटो आणला: एक म्हातारी जमिनीवर बसलेली, समोर भाताच्या टोपलीला टेकवून उभा केलेला फोन, फोनच्या पडद्यात एक बाई. तो म्हणाला, 'धिस इज माय ग्रँडमदर. शी इज टॉक टू माय मदर. माय मदर इज इन बँकॉक.'

वर्ग गप्प झाला. 'इज टॉक' मी दुरुस्त केलं नाही. इसान, म्हणजे उबोनसकट थायलंडच्या ईशान्य भागातल्या कितीतरी मुलांचे आईबाप बँकॉकला कामाला असतात आणि मुलं आजीआजोबांकडे वाढतात. मला आमच्याकडची ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं आठवली, कोयते निघाले की सहा-सहा महिने आजीजवळ राहणारी. मी त्याला एवढंच विचारलं, आई काय म्हणत होती? आणि तो बोलत सुटला, अर्धं थाईत, अर्धं इंग्रजीत. दोन मिनिटं थांबलाच नाही.

त्याचा फोटो मी छापून त्याला दिला. पुढच्या सोमवारी फाटकावर त्यानं हात जोडले आणि निरोप सांगितला: यायनं बोलावलंय. याय म्हणजे आईची आई.

घर नदीपलीकडे, वारिन चम्रापला, मून नदीच्या जवळ. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ होती. २०२२ च्या ऑक्टोबरातल्या पुराची. यायनं ती बोटानं दाखवली, मग जमिनीपासून स्वतःच्या छातीपर्यंत हात नेला. आम्ही चटईवर बसलो. ती इसानी बोलत होती, मला थाईच कशीबशी येत होती, नातू मधे बसून इंग्रजी करत होता. त्याला शब्द सापडेना. शेवटी त्यानं फोनमध्ये शब्द शोधून मला दाखवला. अंत्यसंस्कार.

यायला फोटो हवा होता. ती गेल्यावर शवपेटीसमोर ठेवतात तो. नातवानं आणलेला छान आहे, पण त्यात ती खाली फोनकडे बघतेय. तिला समोर बघणारा हवा होता. गावातल्या दुकानात जाऊन काढायचा तर तिथे अनोळखी माणूस, आणि ती म्हणे हसायला सांगतात.

मला माझी आजी आठवली. तिचा आमच्या भिंतीवरचा फोटो मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. डोळे अर्धवट मिटलेले, कपाळावर शिक्क्याची कड. ती गेली त्या रात्री काका तोच घेऊन स्टुडिओत धावले होते, दुसरा नव्हताच. घरात मी फोटो काढणारी असून.

याय आत गेली, पांढरा पोलका आणि निळं रेशमी फा सिन, म्हणजे कमरेला गुंडाळायचं थाई वस्त्र, नेसून आली, केस पाण्यानं चोपून बसवलेले. खुर्ची मी दाराजवळ ठेवली, तिथे सावलीतला मऊ उजेड येत होता. मागे ती पुराची रेघ दिसत होती म्हणून मी खुर्ची जरा बाजूला घ्यायला लागले. यायनं हातानंच थांबवलं. राहू दे म्हणाली. नातवानं तिच्या खांद्यावरचा सुटा केस उचलला.

'थाय रूप दाय माय खा?' मी विचारलं. बोलावलं तिनंच होतं, तरी विचारलं. तिनं मान हलवली आणि सरळ लेन्समध्ये बघितलं. मी सात फोटो काढले. तिसरा चांगला आला.

आठ बाय दहाची प्रत करून, काचेची चौकट घालून पुढच्या रविवारी नेली. यायनं ती मांडीवर घेतली, काचेवरून पदरासारखं उपरणं एकदा फिरवलं आणि फोनवर मुलीला दाखवली. पलीकडून मुलगी रडायला लागली, तर याय तिला रागावली. मग चौकट त्याच उपरण्यात गुंडाळून कपाटात साड्यांसारख्या रचलेल्या फा सिनांच्या खाली ठेवली आणि किल्ली फिरवली. मला जाताना बांबूच्या झाकणाच्या टोपलीत गरम चिकट भात दिला. टोपली परत आणून दे म्हणाली, म्हणजे परत येशील.